डावा स्पीकर

नागपूरला धरमपेठेतल्या हातमागाच्या दुकानात चंद्रभान डाखोळे कापडाला फुंकर मारून पाहत होता, आणि आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही अशी त्याची समजूत होती. भर दुपारी, रिकाम्या दुकानात, राखाडी बुशशर्टातला एक तिशी ओलांडलेला गृहस्थ एकामागून एक कापड तोंडासमोर धरतो, डोळे मिटतो, गाल फुगवतो आणि दिवा विझवल्यासारखी फुंकर मारतो – हे काही लक्ष न जाण्यासारखं दृश्य नव्हतं. दुकानातला पंखासुद्धा बघायला थांबल्यासारखा हळू झाला होता. अर्थात तो विजेचा दाब कमी झाल्यामुळे. आणि शहराला वीज कोराडीहून, म्हणजे त्याच्याच नोकरीच्या ठिकाणाहून, येत असल्यामुळे त्यालाही एका परीनं चंद्रभानच जबाबदार होता.

"ते खाऊन पाहायचं कापड नाही," काउंटरपलीकडून आवाज आला.

आवाज जाड होता. खालच्या पट्टीतला, विहिरीत घागर बुडताना येतो तसा. चंद्रभाननं डोळे उघडून आधी दुकानात पुरुष शोधला. पुरुष नव्हता. काउंटरमागे एक बाई उभी होती. सुती साडी, कानावर पेन्सिल, आणि दिवसभर उभं राहून इतरांना 'बसा' म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर येतो तसला थकवा. थकवा चंद्रभानला चांगला ओळखता येत असे. तो स्वतः तीन पाळ्यांमध्ये काम करत होता.

पण नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तिचं वाक्य त्याला पहिल्या झटक्यात समजलं होतं. 'अँ?' न म्हणता. अलीकडे असं होत नसे. अलीकडे सारं जग तोंडात सुपारी धरून बोलू लागलं होतं – बसचा कंडक्टर, बँकेतला कारकून, गावाहून आलेली आईसुद्धा.

"खाऊन नाही पाहून राहिलो," तो म्हणाला. "हवा जाते का ते पाहून राहिलो."

"हवा कोणाला द्यायची आहे?"

"स्पीकरले. म्हणजे... मी स्पीकर बनवून राहिलो. घरी. दोन. समोरून कापड लावा लागते ना. ज्यातून हवा जाते त्यातून आवाज जातो. असं मासिकात लिहिलं आहे."

"फुंकर मारून पाहा, असं लिहिलंय?"

"हो ना."

"दुकानात जाऊन?"

चंद्रभाननं विचार केला. "दुकानाचं नाही लिहिलं," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

ती हसली नाही. हसू तिनं पेन्सिलीसारखं कुठेतरी खोचून ठेवलं, स्टुलावर चढली आणि सगळ्यात वरच्या फळीवरून एक ठाण ओढलं. त्याच्याबरोबर बरीच धूळही आली.

"हे पाहा. कधीचं पडून आहे. कोणी घेत नाही."

"काहून?"

"आरपार दिसतं. लोक पडद्यासाठी नेतात आणि दुसऱ्या दिवशी परत आणतात. पडद्याला चालत नाही हे."

मातकट रंगाचं, मोकळ्या विणीचं कापड होतं. तिनं त्याचा हातभर तुकडा उलगडला आणि दोन्ही हातांनी दोघांच्या मध्ये उभा धरला. "मारा."

चंद्रभाननं फुंकर मारली. पलीकडे तिच्या कपाळावरची एक बट हलकेच उडाली... आणि परत खाली आली.

कापड आरपार दिसणारं होतं ही अडचणच झाली.

"पास?" तिनं विचारलं.

"पास," चंद्रभान म्हणाला. आणि दोन मीटर लागणार होतं तिथं एकच घेतलं. मासिकात असं करायला कुठेच सांगितलेलं नव्हतं.

*

स्पीकर बनवण्याचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं त्याला कारण होतं, आणि ते कारण त्याच्या मते रेडिओ होतं.

कोराडीच्या वीजकेंद्रात चंद्रभान टर्बाइनच्या मजल्यावर ज्युनियर इंजिनीयर होता. त्याचं टेबल जिथे होतं तिथे डाव्या हाताला बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा पंप होता. हा पंप अहोरात्र एका सुरात किंचाळत असे. पहिल्या वर्षी चंद्रभानला त्याचा त्रास झाला. दुसऱ्या वर्षी सवय झाली. तिसऱ्या वर्षी तो ऐकू येईनासा झाला, तेव्हा चंद्रभानला वाटलं, आपलं आता नोकरीत मन रमलं.

मग हळूहळू रेडिओ बिघडला. म्हणजे चालायचा, पण गाण्यांतला जीव गेला. तबला होता, गाणारा होता. पण पैंजण, टाळ, बासरीची वरची फिरत, हे सगळं कोणी ओल्या फडक्यानं पुसून घेतल्यासारखं झालं होतं. पाळी संपवून, अंगावर राखेचा थर घेऊन क्वार्टरवर यावं, आंघोळ करावी, डाव्या उशाशी ठेवलेल्या रेडिओवर पडल्या पडल्या एखादं गाणं ऐकावं, एवढीच ज्या माणसाची चैन, त्याची ती चैनच गेली. परदेशी स्पीकर आपल्या आवाक्याबाहेरचे. तेव्हा सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनं इंग्रजी मासिक मिळालं, त्यात 'नवशिक्यांसाठी पुस्तकांच्या फळीवर मावणारे स्पीकर' असा नकाशासह लेख होता. नकाशा पाहून चंद्रभानला वाटलं, यात काय आहे? दोन खोकी तर आहेत. ज्यांनी कधी खोकं केलेलं नसतं त्या सगळ्यांना असंच वाटतं.

पहिल्या खोक्याला त्यानं मोठ्या स्पीकरसाठी गोल भोक पाडलं ते जेवणाच्या ताटलीचं माप घेऊन. ताटलीचा आतला गोल घ्यायचा होता, त्यानं बाहेरचा घेतला. स्पीकर भोकातून सरळ आत पडला. दुसऱ्यांदा चिकटवायला गेला तर फळ्या दाबून धरणारे शिकंजे नव्हते. म्हणून खोक्यावर गादी टाकून तो स्वतःच त्यावर झोपला. सकाळी खोकं पक्कं चिकटलेलं होतं, आणि त्याला गादीही.

शेजारच्या क्वार्टरमधले मधुकरराव हे रोज येऊन पाहत. मधुकरराव कोळसा विभागात होते, आणि कोणतंही काम उभं राहून पाहण्याचा त्यांना तिथे बराच सराव झाला होता.

"चंद्रभान, काय करून राहिला गा?"

"स्पीकर."

"मले वाटलं देव्हारा. देव्हारा कर, बायको त मिळन."

शेवटी दोन खोकी उभी राहिली. आत गादीवाल्याकडून पिंजून आणलेला कापूस भरला. खाली मोठा स्पीकर, वर बारीक आवाजाचा वाटीएवढा ट्वीटर. दोन्ही सिमेंटच्या फळीवर दोन टोकांना बसवली. डाव्या कोपऱ्यातली भिंत वाकडी होती – सरकारी भिंत, तिला वाकडं असण्याचा हक्क होता – म्हणून डावं खोकं पाव इंच अरुंद करावं लागलं.

आणि घात तिथेच झाला, असं चंद्रभानला वाटलं. कारण उजवा स्पीकर उत्तम वाजला. इतक्या दिवसांनी त्याच्या खोलीत घुंगरू आले. पण फक्त उजवीकडून. डावा नुसता घुमत राहिला, सर्दी झाल्यासारखा.

त्या पाव इंचापायी त्यानं डावं खोकं किती वेळा उघडलं त्याची गणती नाही. कापूस काढला, घातला. तारा बदलल्या. नवा ट्वीटर आणला. आणि दर वेळी खोकं उघडलं की कापड फाटायचं, आणि कापड फाटलं की धरमपेठेत जावं लागायचं. ही शेवटची गोष्ट मात्र दुरुस्तीच्या कामात अडथळा आहे असं त्याला कधीच वाटलं नाही.

*

"आता काय झालं कापडाला?" लतिका विचारायची. तिचं नाव लतिका शिर्के होतं हे त्याला दुसऱ्या भेटीत कळलं. तिच्या मालकानं हाक मारली होती.

"फेव्हिकॉल सांडला."

"मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी उंदीर."

"आणि त्याच्या आधी तुम्हीच उलटं लावलं होतं." ती कापड मोजता मोजता म्हणायची. "तुम्ही एकदम पाच मीटर का नाही घेऊन जात?"

"पाच मीटर घेतलं तर..." चंद्रभान थांबला. "तर ते पुरेल ना."

तिनं कात्री लावली. तिरपी लागली. तिच्या हातून कात्री तिरपी लागण्याचा दुकानातला हा पहिला प्रसंग असावा, कारण मालकानं मान वर करून पाहिलं.

त्याच्या सुटीच्या दिवशी, तिला जेवणाची सुटी झाली की मग ते जवळच्या रसवंतीवर बसू लागले. उन्हाळ्याची सुरुवात होती. चरखा चालू झाला की त्याला बांधलेले घुंगरू छमछमत.

"मला हा आवाज फार आवडतो," लतिका एकदा म्हणाली. चरखा चंद्रभानच्या डावीकडे होता.

"कोणता?"

"कोणता काय... घुंगरांचा."

"हो, हो. मस्त आहे," चंद्रभान म्हणाला. त्याला वाटलं, ती मागच्या एखाद्या रसवंतीबद्दल बोलत असेल.

तिनं मग स्वतःहूनच सांगितलं. दुकानात फोन आला की समोरचा माणूस तिला 'साहेब' म्हणतो. ती दुरुस्त करत नाही, कामं लवकर होतात. पण स्थळं पाहायला येतात तेव्हा तसं चालत नाही. मुलगी चहा घेऊन येते, दिसायला बरी दिसते, सगळे खूश असतात... आणि मग ती बोलते.

"एक बाई म्हणाल्या, सर्दी झाली आहे का मुलीला? आई घाबरून हो म्हणाली. तर त्या पंधरा दिवसांनी परत आल्या – बरी झाली का पाहायला."

"मग?"

"मग काय? बरी झालेली नव्हते." तिनं ग्लासातला बर्फ हलवला. "आता मी पाहुण्यांसमोर बोलतच नाही. मान हलवते. तर मागच्या वेळी ते म्हणाले, मुलगी मुकी आहे का."

हे सांगताना ती हसत होती, पण ते हसू पुष्कळदा धुतलेल्या कापडासारखं विटलेलं होतं. चंद्रभानला एकदम काहीतरी बोलावंसं वाटलं. अशा वेळी काय बोलतात ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं खरं होतं तेच सांगितलं.

"या नागपुरात साफ बोलणारं एकच माणूस आहे," तो म्हणाला. "बाकी सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात, मले त्याईचं अर्धं समजत नाही. तुमचं एक अक्षर सुटत नाही. मी तुमचा आवाज ऐकतो ना... तर थकवा जाते माझा. तुम्ही बोलत राहावं आणि आपण बसून राहावं, असं वाटते."

लतिकानं ग्लास खाली ठेवला. परत उचलला. तो रिकामा होता.

"कापडाचा भाव सांगितला तरी?"

"भाव सांगताना त जास्तच."

तिनं मान फिरवली. चरखा फिरत होता. मग ती हळूच म्हणाली, "तुमचे ते स्पीकर... मला ऐकवाल?"

*

कोराडीला ती रविवारच्या बसनं आली. रीतसर व्हावं म्हणून जेवण मधुकररावांकडे ठेवलं होतं. त्यांच्या बायकोनं, वच्छलावहिनींनी, तिला एवढा आग्रह केला की तिला बोलायची वेळच आली नाही. जेवणानंतर वहिनीही मागोमाग चंद्रभानच्या क्वार्टरवर आल्या, दोन मिनिटं कौतुकानं उभ्या राहिल्या आणि "देव्हारा चांगला झाला भाऊजी" म्हणून कुकर लावायला निघून गेल्या. दार मात्र सताड उघडं ठेवून.

चंद्रभाननं लतिकाला बरोबर मधोमध खुर्चीवर बसवलं. मागून आणलेल्या रेकॉर्ड प्लेयरवर तबकडी लावली, ढोलकी, घुंगरू, सगळं असलेली. ती डोळे मिटून ऐकत राहिली. तिच्या पायाचा अंगठा फरशीवर ताल धरत होता. चंद्रभानचं लक्ष स्पीकरकडे असायला हवं होतं. ते अंगठ्याकडे होतं.

"छान," ती म्हणाली. "खरंच छान. हे तुम्ही केलंत?"

"पण डावा?"

"डावाही छान."

"डाव्यातून घुंगरू येतात?"

"येतात की."

"तुम्ही माझं मन राखून राहिल्या."

"मन राखायचं असतं तर मी वहिनींची भाजी तिसऱ्यांदा घेतली असती," ती म्हणाली. "उठते मी. तुम्ही बसा इथे. आता सांगा, कोणता बसका?"

"डावा. साफ कळते ना."

ती विचारात पडली. गिऱ्हाईक कापडाचा रंग गेला म्हणून भांडत येतं तेव्हा ती कापड उलटं करून पाहत असे. तिनं तेच केलं. "खुर्ची फिरवा. तोंड दाराकडे करा. पाठ स्पीकरकडे. आता?"

चंद्रभान दाराकडे तोंड करून बसला. गाणं चालू होतं. घुंगरू येत होते... त्याच्या उजव्या हाताकडून. आणि डाव्या हाताकडे सगळं ओल्या फडक्यानं पुसलेलं होतं.

पण त्याच्या डाव्या हाताला आता उजवा स्पीकर होता. ज्याच्यात काही दोष नव्हता तो.

त्यानं मान वळवून पाहिलं. परत समोर पाहिलं. परत मान वळवली. वीजकेंद्रात दाब मोजणारा, उष्णता मोजणारा एकूण एक काटा दरवर्षी तपासला जात असे आणि त्याच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली जात असे. ती व्यवस्था चंद्रभानच पाहत होता. ज्या कानानं तो हे सगळं ऐकत होता, त्यावर चिठ्ठी नव्हती.

"स्पीकर चांगले आहेत," लतिका म्हणाली. कोडं सुटल्यासारखी तिची नजर क्षणभर चमकली होती. "तुमचा डावा कान..."

आणि ती थांबली. चमक तिथल्या तिथे विझत गेलेली चंद्रभाननं पाहिली. का विझतेय हे त्याला लगेच कळलं नाही.

"म्हणजे बारीक आवाज तुम्हाला येत नाहीत."

"तसंच दिसते."

"जाड येतात."

"हो..."

"रसवंतीवर घुंगरू वाजत होते. तुम्ही विचारलंत, कोणता आवाज." ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द मोजून ठेवत असल्यासारखी. "आणि म्हणालात, नागपुरात साफ बोलणारं एकच माणूस आहे."

"लतिकाबाई—"

"मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं ते. तुमचं नाव न घेता." तिनं पर्स उचलली. "सगळे म्हणायचे माझ्यात दोष आहे. मला वाटलं, एक माणूस असा मिळाला ज्याला तो दोष वाटत नाही. तर... दोषाला दोष जुळला होता. एवढंच."

गेली काही वर्षं जग तोंडात सुपारी धरून बोलत नव्हतं, हे चंद्रभानला आत्ता कुठे कळत होतं. तो छत्री शोधू लागला.

बाहेर अवेळी चार थेंब पडू लागले होते. कोराडीचा पाऊस, वरून येता येता चिमणीतली राख घेऊन येणारा. स्टॉपवर उभं असताना तिच्या फिकट साडीवर करडे ठिपके उमटत गेले. चंद्रभान छत्री धरून उभा होता, पण तिच्यापासून एवढ्या सभ्य अंतरावर की छत्रीचा उपयोग दोघांनाही झाला नाही. बस आली. ती खिडकीशी बसली. बस निघताना तिनं काही म्हटलं नाही.

ते मात्र त्याला नीट ऐकू आलं.

*

डॉक्टरनं त्याला काचेच्या पेटीत बसवलं, कानांना यंत्र लावलं आणि बारीक-जाड सूर ऐकवले. मग कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. उजवी रेघ बऱ्यापैकी सरळ होती. डावी सुरुवातीला बरी चालत होती आणि वरच्या पट्टीकडे जाता जाता राखेच्या टेकडीवरून ट्रक उतरावा तशी खाली गेली होती.

"पंपाजवळ बसता का? डावीकडे?"

"हो."

"हे परत येत नाही. उजवा सांभाळा. कापूस घालत जा."

ही बातमी त्यानं मधुकररावांना सांगितली. मधुकररावांनी सहानुभूतीनं मान हलवली.

"अरे, अर्ध्या कॉलनीचे गेले आहेत कान. त्यात काय? साहेबाले सांगून टेबल फिरवून घे."

"त्यानं काय होईल?"

"उजवाही जाईल ना. दोन्ही स्पीकर सारखे होतील तुये."

चंद्रभान हसला नाही. त्याला दुःख कानाचं नव्हतंच, हे त्याला क्वार्टरवर परत आल्यावर कळलं. कान काय, नोकरीत जातो. पेन्शनसारखाच तोही ठरलेला. पण आपण बोललो ते खरं होतं की बिघडलेल्या काट्यानं दाखवलेला आकडा होता? हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक नसताना धरमपेठेत जाऊन काय बोलायचं?

बरेच दिवस तो गेला नाही. पाळ्या आल्या नि गेल्या. दिवसा झोपून रात्री जागण्याच्या आठवड्यात माणसाला प्रेम करण्याचंही त्राण राहत नाही, हे कोणी लिहून ठेवत नाही. स्पीकर त्यानं लावले नाहीत. त्यांच्यावर राख बसली. मातकट कापडावर ती दिसतही नव्हती. एवढं ते कापड कोराडीला शोभणारं होतं.

एका सुटीच्या सकाळी उठून त्यानं पेचकस घेतला आणि डावा स्पीकर उघडला. पुन्हा. आतला चिमूटभर कापूस काढला, गोळी केली आणि डाव्या कानात घट्ट बसवली. मग स्पीकर बंद करून, शर्ट बदलून, बस धरली.

*

दुकानात लतिका ठाण गुंडाळत होती. चंद्रभान काउंटरशी आला आणि तिच्याकडे उजवा कान करून, फोटोसाठी बसतात तसा आडवा उभा राहिला. त्यामुळे तो तिच्याशी बोलतोय की भिंतीवरच्या कॅलेंडरशी, हे मालकाला कळेना.

"काय पाहिजे?" तिनं विचारलं. गिऱ्हाइकाला विचारतात तसं.

"बोला."

"मी विचारलं, काय पाहिजे."

"आणखी थोडं बोला."

ती ठाण गुंडाळायची थांबली. "कानात काय आहे ते?"

"कापूस. डाव्या स्पीकरातला." तो कॅलेंडरकडेच पाहत होता. "डावा बंद केला. आता हा एकटाच ऐकून राहिला. याले डॉक्टरनं पास केलं आहे."

पंखा कुरकुरत फिरत होता. असं आडवं उभं राहिल्यावर त्याची कुरकूर त्याला ऐकू येत होती. ती असते हेही तो विसरला होता.

"मग?" लतिका म्हणाली. फार हळू. "काय म्हणतो तो?"

चंद्रभाननं कानातला कापूस आणखी घट्ट दाबला. खोटं बोलला असता तर लवकर सुटला असता.

"आवाज जाड आहे," तो म्हणाला. "खालचा आहे. फोनवर कोणी साहेब म्हणेल असाच आहे. त्या पाहायला येणाऱ्या लोकाईचे कान बरोबर होते."

तिनं ओठ घट्ट मिटले.

"कान बरोबर होते," चंद्रभान म्हणाला. "डोकी खराब होती, त्याले मी काय करू? मले डाव्यानं आवडला होता. आता उजव्यानंही आवडून राहिला. हेच सांगायले आलो. बसनं."

काउंटरवर कात्री होती, ती तिनं उगाचच सरळ ठेवली. सरळच होती ती.

"आणि हाही गेला तर?" ती म्हणाली. "पंप तर तिथेच आहे. तुमची नोकरी आहे अजून पंचवीस वर्षं."

"जाईल ना. डॉक्टर म्हणे, वरचे सूर आधी जातात. चिमण्या, घुंगरू, कुकरची शिटी. मग वच्छलावहिनी." आता तो तिच्याकडे वळला, समोरासमोर. "खालचे सगळ्यात शेवटी जातात. म्हणजे... शेवटी तुम्हीच राहाल."

लतिकानं कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत कानावर ठेवली. मग ती पाठ करून स्टुलावर चढली. वरच्या फळीवरचं मातकट ठाण काढायला एरवी लागतो त्यापेक्षा तिला बराच जास्त वेळ लागला. उतरली तेव्हा डोळे पुसलेले होते. धूळ असते वर.

"किती देऊ?"

"माप नाही आणलं खिडकीचं."

"खिडकीचं?"

"क्वार्टरले पडदा नाही."

"तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." आवाज घागर बुडतानाचाच होता; फक्त आता घागर भरत आली होती. "हे पडद्याला चालत नाही. आरपार दिसतं."

"दिसू द्या," चंद्रभान म्हणाला.

तिनं हातभर कापड उलगडलं आणि दोघांच्या मध्ये उभं धरलं. मालक पाहत होता. पंखा हळू झाला होता. चंद्रभाननं सवयीनं डोळे मिटले, गाल फुगवले...

पण फुंकर या वेळी पलीकडून आली.